डाव्या हाताचा इतिहास

अमेरिकन जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथची कोणतीही गाजलेली ध्वनिमुद्रिका लावली की कान उजव्या हातामागे धावतो. तिथे तानांचा पाऊस असतो, एकच सूर आवर्तनामागून आवर्तने धरून ठेवण्याचा हट्ट असतो, ब्लूजच्या ठरलेल्या वळणांवर केलेली खोडी असते. जॅझवर लिहिणाऱ्यांचा कानही बहुधा तिथेच अडकला. त्यांनी हा उजवा हात चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनशेजारी ठेवून पाहिला, फारसे नवे काही सापडत नाही असे ठरवले आणि सोल-जॅझ नावाच्या अख्ख्या प्रकाराची 'पाय थिरकवणारे, रुचकर पण हलके संगीत' अशी बोळवण केली. स्मिथच्या चरित्राच्या या पुस्तकाच्या निमित्ताने मला जे म्हणायचे आहे ते या शेऱ्याच्या विरोधात जाते. ऑर्गनवादकाचे काम उजव्या हातापासून सुरूच होत नाही. डावा हात आणि दोन्ही पाय काय करत आहेत ते आधी ऐकावे लागते. उजवा हात त्यांच्या खांद्यावर उभा असतो. ऐकण्याचा हा क्रम बदलला की वादकाच्या चरित्राचाही क्रम बदलतो. त्याने कुठे वाजवले, किती तास वाजवले, त्याला पैसे कोणी दिले आणि समोर कोण बसले होते, हे प्रश्न तळटीपांतून वर येतात. ऐकायला सोपे वाटणारे हे संगीत जॅझमधल्या बहुधा सर्वांत कष्टाच्या एकहाती कामातून निघालेले आहे, आणि तो सोपेपणा मुद्दाम कमावलेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

ऑर्गन म्हटल्यावर मराठी वाचकासमोर संगीत नाटकाच्या साथीचा, पायाने भाता हलवायचा ऑर्गन उभा राहतो. तिथे पायांचे काम हवा पुरवण्याचे. सूर सगळे हातात. हॅमंड ऑर्गनमध्ये हवा नसतेच. लॉरेन्स हॅमंड हा शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनचा अभियंता. तो विजेवर चालणारी घड्याळे बनवत असे, आणि घड्याळाला अचूक चालवणारी सिंक्रोनस मोटर हाच त्याच्या ऑर्गनचाही आत्मा झाला. १९३५ साली बाजारात आलेल्या या वाद्यात धातूच्या दातेरी चकत्या चुंबकांसमोर फिरतात आणि प्रत्येक चकती एक शुद्ध कंपन निर्माण करते. पुढे सर्वांत नावाजलेल्या बी-३ या मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या होत्या, प्रत्येकी ६१ पट्ट्यांचे दोन मजले होते आणि पायाखाली २५ पट्ट्या होत्या. नऊ दांड्या कमी-जास्त ओढून मूळ सुरात त्याचे उपसूर मिसळायचे आणि आपला आवाज घडवायचा. मोटर विजेच्या आवर्तनांवर चालत असल्याने वाद्य कधी बेसूर होत नाही. मात्र अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर बेतलेला ऑर्गन तसाच्या तसा आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर लावला, तर सा दाबल्यावर खालचा शुद्ध ध ऐकू येईल. हॅमंडचा ग्राहक होता चर्च. पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नाही त्यांना हा परवडेल, असा त्याचा हिशेब होता. पाइप ऑर्गनशी बरोबरी करण्याच्या जाहिरातींवर फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली, शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये दोन्ही वाद्ये आडून वाजवून जाणकारांची परीक्षा झाली, आणि १९३८ साली आयोगाने त्यातले काही दावे बंद करायला लावले. ज्या वाद्याला आपण दुसऱ्या कोणासारखे आहोत हे सिद्ध करण्यासाठी एवढे झगडावे लागले, त्याला स्वतःचा आवाज मिळाला तो निर्मात्याला दोष वाटणाऱ्या गोष्टींतून. पट्टी दाबताना संपर्क जुळल्याची जी टिचकी ऐकू येते ती हॅमंडला नको होती. जॅझवादकांना तीच हवी होती, कारण तिच्यामुळे सुराला धार येते. फिरत्या कर्ण्याचा ध्वनिक्षेपक डॉन लेस्ली याने लॉस एंजेलिसकडे तयार केला. त्याला हॅमंड कंपनीने वर्षानुवर्षे दूर ठेवले. आज लेस्लीशिवाय बी-३ची कल्पनाही कोणी करत नाही.

यंत्राच्या रचनेकडे मी एवढा वेळ पाहतो आहे, कारण वादकाची तंत्रे तिथून ठरतात. पियानोच्या पट्टीवर जोर दिला की आवाज मोठा होतो. हॅमंडच्या पट्टीला जोर कळतच नाही. आवाज वर-खाली करायचा तर उजव्या पायाखालचे पेडल दाबायचे किंवा सोडायचे, म्हणजे वाक्यातला चढउतार पायाने बोलायचा. बी-३मध्ये १९५५च्या सुमारास 'पर्कशन' नावाची सोय आली. तिच्यामुळे सुराच्या आरंभी एक ठोका बसतो, पण आधीची बोटे पट्टीवरून पूर्ण उचलली असतील तरच. म्हणून प्रत्येक सूर ठसठशीत हवा असेल तर वादकाला सगळी बोटे सतत उचलावी लागतात. सूर सुराला चिकटवला की ठोका गायब. स्मिथच्या उजव्या हाताचा तो तुटक, चमकदार उच्चार या यांत्रिक अटीतून आलेला आहे. आणि डावा हात? तो खालच्या मजल्यावर एकेक सूर चालवत बेसवादकाचे काम करतो, दर मात्रेला एक पाऊल टाकत. डावा पाय त्याच वेळी खालच्या पट्ट्यांवर हलकेच टिचक्या मारतो. त्याने त्या बेसला दणका मिळतो, तारेवर बोट आपटल्यासारखा. संथ गाण्यांत तोच पाय पुरी बेस वाजवतो आणि डावा हात स्वरसंघातांसाठी मोकळा होतो. म्हणजे उजव्या हाताची तान, डाव्या हाताची बेस, डाव्या पायाचा आघात आणि उजव्या पायाचा आवाजावरचा ताबा अशी चार कामे एक माणूस एकाच क्षणी करत असतो. यातल्या तान सोडून तीन कामांकडे श्रोत्याचे लक्ष जाता कामा नये, हीच त्यांची कसोटी. लक्ष गेले तर काहीतरी बिघडले आहे.

एक सोयीची गोष्ट नेहमी सांगितली जाते: कृष्णवर्णीय चर्चमधला ऑर्गन उठून बारमध्ये आला आणि सोल-जॅझ जन्मले. या कथेत तथ्य आहे. शिकागोच्या फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये संगीतकार केनेथ मॉरिसच्या आग्रहाने १९३९ साली हॅमंड आला, आणि तिथून तो गॉस्पेल संगीताचा अविभाज्य भाग होत गेला. स्मिथच्या 'द सर्मन' आणि 'प्रेयर मीटिन'' या शीर्षकांतही चर्च उघडपणे आहे. पण वादकांची चरित्रे तपासली की कथा डळमळू लागते. स्मिथ बूगी-वूगी पियानोवरून आला. त्याचे वडील क्लबांत करमणूक करणारे, आणि मुलगाही लहानपणी त्यांच्याबरोबर नाच-गाण्याच्या कार्यक्रमांत उभा राहिलेला. जिमी मॅकग्रिफ सुरुवातीला डबल बेस वाजवत असे आणि काही काळ फिलाडेल्फियाच्या पोलिसात होता. ऑर्गन जॅझमध्ये आणणारे त्यांचे पूर्वजही नाट्यगृहांचे आणि नृत्यगृहांचे. फॅट्स वॉलरने १९२०च्या दशकातच पाइप ऑर्गनवर जॅझ ध्वनिमुद्रित केले, आणि काउंट बेसी त्याच्याकडे पाहून ऑर्गन शिकला. लुई जॉर्डनच्या वाद्यवृंदातून बाहेर पडलेला वाइल्ड बिल डेव्हिस आणि मिल्ट बकनर यांनी हॅमंडला अख्ख्या बिग बँडची जागा भरायला लावले: जाड स्वरसंघात, एकाच वेळी गरजणारी पितळी वाद्ये. चर्चने दिला तो श्रोता. रविवारी सकाळी जो आवाज ऐकला तोच शनिवारी रात्री ओळखीचा वाटावा, अशी तयारी समोरच्या कानात होती, आणि ऑर्गनवादकाने त्या तयारीचा हिशेबीपणे उपयोग केला. शीर्षके कबुलीजबाब मानण्यापेक्षा आमंत्रणे मानावीत.

स्मिथ फिलाडेल्फियाशेजारच्या नॉरिसटाउनचा. त्याच्या जन्माचे साल काही ठिकाणी १९२५ आणि काही ठिकाणी १९२८ छापलेले आढळते. ही तीन वर्षांची तफावत वाटते तेवढी किरकोळ नाही. ऑर्गनवादक म्हणून प्रसिद्ध झाला तेव्हा तो सत्ताविशीतला तरुण होता की तिशीतला कसलेला कामगार, यावर त्याच्या उदयाचे चित्र बदलते. माझा कल दुसऱ्या चित्राकडे आहे, कारण त्यामागे भरपूर काम आहे. नौदलातली नोकरी झाली, मग युद्धातून परतलेल्यांसाठीच्या सरकारी शिक्षणयोजनेतून फिलाडेल्फियाच्या संगीतशाळांत पियानो आणि डबल बेसचा अभ्यास झाला, मग डॉन गार्डनरच्या रिदम अँड ब्लूज मंडळीत पियानो. डबल बेस शिकलेला हा पियानोवादक आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे डाव्या हातात जे आले ते तिथून आले. १९५३च्या सुमारास त्याने वाइल्ड बिल डेव्हिसला ऐकले आणि ऑर्गन घेतला. एका गोदामात वाद्य ठेवून, पायपट्ट्यांचे चित्र भिंतीवर लावून त्याने एकट्याने रियाज केला, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. हा रियाज दंतकथेत रंगवून सांगितला जात असला तरी त्याचे फळ १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये सर्वांनी ऐकले. ब्लू नोट या छोट्या कंपनीच्या आल्फ्रेड लायनने त्याला लगेच करारबद्ध केले. 'अ न्यू साउंड, अ न्यू स्टार' हे पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव दवंडीसारखे असले तरी खोटे नव्हते. डेव्हिसचा ऑर्गन म्हणजे वाद्यवृंद होता. स्मिथने वाद्यवृंद बाजूला ठेवला, पहिल्या तीन दांड्या पूर्ण ओढल्या, बाकीच्या आत सारल्या, पर्कशन लावले आणि उजव्या हातात बड पॉवेलच्या पियानोची आणि सॅक्सोफोनवादकांची एकेरी, धावती ओळ आणली. खाली बेस चालू, बाजूला गिटार, मागे डोनाल्ड बेलीचे ड्रम. पुढच्या वीस वर्षांत जवळजवळ प्रत्येक ऑर्गनवादकाने हा आराखडा एकतर स्वीकारला किंवा त्याच्याशी भांडण काढले.

तो आराखडा एवढा का पसरला, याचे उत्तर संगीताइतकेच हिशेबाच्या वहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकी सरकारने नाच किंवा गायन असलेल्या करमणूकगृहांवर ३० टक्के कर लावला आणि थोड्याच काळात तो २० टक्क्यांवर आणला. नुसते वाद्यसंगीत त्यातून सुटत होते. मोठे बँड परवडेनासे झाले होते, उपनगरे आणि दूरचित्रवाणी लोकांना घरात ओढत होती, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या कोपऱ्यावरच्या बारमालकाला थोड्या पैशांत मोठा आवाज हवा होता. ऑर्गन, गिटार किंवा सॅक्सोफोन, आणि ड्रम या तिघांत ते साधत असे; बेसवादकाचे पैसे वाचत आणि आवाज मात्र सहा माणसांचा. फिलाडेल्फिया, नेवार्क, हार्लेम, अटलांटिक सिटी, पिट्सबर्ग, बफेलो इथे 'ऑर्गन रूम' नावानेच ओळखले जाणारे बार उभे राहिले. तिथे तासाभराची सभा नसे. रात्री उशिरापर्यंत, मध्ये थोडी विश्रांती घेत, आठवड्याच्या बहुतेक रात्री वाजवायचे आणि समोरच्या माणसाने ग्लास खाली ठेवून उठून जाऊ नये एवढी एकच परीक्षा रोज द्यायची. शिवाय १९० किलोच्या आसपासचे वाद्य आणि त्याबरोबर लेस्लीचे कपाट जिन्यावरून चढवायचे. काही जणांनी त्यासाठी शववाहिका विकत घेतल्या, कारण एवढे लांब आणि जड सामान आडवे घेऊन जाणारी दुसरी गाडी नव्हती. ही सगळी परिस्थिती संगीताच्या आतही शिरते. ठेका न सोडता वीस मिनिटे ब्लूजची बारा आवर्तनी चौकट फिरवत ठेवणे, हळूहळू तापवत नेणे, श्रोत्याच्या हुंकाराला उत्तर देणे, हे बारमध्ये शिकावे लागते. 'द सर्मन' हा तुकडा असाच वीस मिनिटांचा आहे. ली मॉर्गन, लू डोनाल्डसन, टिना ब्रुक्स, केनी बरेल, आर्ट ब्लेकी असे वादक एकामागून एक येऊन जातात आणि त्या सगळ्यांच्या खाली एक डावा हात थकत नाही.

या ऑर्गन रूमनी एक आणखी काम केले, त्याकडे इतिहासाने पुरेसे पाहिलेले नाही. त्या गिटारवादकांच्या शाळा होत्या. बेस सांभाळलेली, स्वरसंघात अर्धे मोकळे, आणि पुढे वाजवायला भरपूर जागा. तरुण गिटारवादकाला याहून चांगली तालीम कुठे मिळणार? जॅक मॅकडफच्या संचात जॉर्ज बेन्सन घडला. वेस माँटगोमेरीने इंडियानापोलिसमध्ये मेल्विन ऱ्हाइनच्या ऑर्गनवर आपली शैली पक्की केली. पॅट मार्टिनो, ग्रँट ग्रीन हेही याच वाटेने आले. आज जॅझ गिटारचा इतिहास लिहिताना ही नावे ठळक छापली जातात आणि त्यांच्या मागे बसलेला ऑर्गनवादक 'साथीदार' होऊन जातो. साथ करणाऱ्याचे नाव लहान टाइपात छापण्याची खोड आपल्याकडेही आहे, त्यामुळे मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये.

स्मिथच्या भोवती जे घराण्यांसारखे प्रवाह तयार झाले त्यांची ओळख इथे थोडक्यात करून देणे भाग आहे, नाहीतर एका माणसाच्या चरित्रातून सगळे क्षेत्र दिसल्याचा भास होईल. शर्ली स्कॉट फिलाडेल्फियाची. एडी 'लॉकजॉ' डेव्हिसच्या संचातून १९५८ साली ती पुढे आली आणि नंतर स्टॅन्ली टरंटाइनबरोबर तिने ऑर्गन-सॅक्सोफोनची एक वेगळी, कमी गर्जणारी भाषा घडवली. तिच्या वादनात जागा असते. ती सूर न वाजवूनही खूप सांगते. ट्रूडी पिट्स, ग्लोरिया कोलमन, फ्रान्समध्ये स्थायिक होऊन अनवाणी पायांनी पायपट्ट्या वाजवणारी ऱ्होडा स्कॉट, ही यादी जॅझच्या इतर बहुतेक आघाडीच्या वाद्यांपेक्षा बायकांच्या नावांनी अधिक भरलेली आहे. पियानो आणि ऑर्गन ही घरातली आणि चर्चमधली, म्हणून मुलींना परवानगी असलेली वाद्ये होती हे त्याचे एक कारण असावे. पण परवानगी घरापुरती असताना त्या बारमध्ये, रात्री दोन वाजता, मंडळीच्या प्रमुख म्हणून बसल्या, याचे श्रेय कोणत्याही परवानगीला देता येत नाही. दुसरा प्रवाह मॅकग्रिफ, 'ग्रूव्ह' होम्स, बिग जॉन पॅटन, चार्ल्स अर्लंड यांचा. तो पार्कर-पॉवेलच्या बेबॉपपेक्षा रिदम अँड ब्लूजच्या जवळ, तान कमी आणि ठेका गडद. डॉक्टर लॉनी स्मिथने, पगडी बांधणाऱ्या आणि कुठल्याच अर्थाने डॉक्टर नसलेल्या त्या विलक्षण माणसाने, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लू डोनाल्डसनबरोबर याच प्रवाहाला फंककडे वळवले. आणि मग नेवार्कचा लॅरी यंग, ज्याच्याशिवाय हा वाद पुरा होत नाही.

सोल-जॅझवरचा सर्वांत भारी आक्षेप लॅरी यंगच्या नावाने घेतला जातो. तो असा: यंगही सुरुवातीला स्मिथच्या छायेत वाजवत होता, पण १९६५ साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'युनिटी'मध्ये त्याने सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या वाटेचे संगीत ऑर्गनवर आणले आणि इतरांनी हे का केले नाही ते उघडे पडले, वाद्यात एवढी शक्यता असताना बाकीचे ब्लूजच दळत बसले. आक्षेप हुशार आहे, पण 'युनिटी'च नीट ऐकली तर तो टिकत नाही. त्या ध्वनिमुद्रिकेत बेसवादक नाही. वुडी शॉ, जो हेंडरसन आणि एल्विन जोन्स यांच्या खाली जी बेस आहे ती यंगच्याच डाव्या हाताची आणि पायाची आहे. तिची शिस्त ऑर्गन रूमची आहे. वरचे मजले नवे बांधले, जोते तेच राहिले. शिवाय नवेपणा हा एकच निकष लावायचा तर ज्यांनी रूढ चौकटीत बारीक फरक करून आयुष्य काढले अशा बहुतेक सगळ्या कलावंतांना आपण निकालात काढू, आणि ख्यालगायनाच्या रसिकाला तरी हा निकष मान्य होऊ नये.

दुसरा आक्षेप बाजाराचा. स्मिथने १९६२ साली व्हर्व्ह कंपनीसाठी ऑलिव्हर नेल्सनच्या मोठ्या वाद्यवृंदासह चित्रपटातली धून 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' वाजवली. ती पॉप यादीत २१व्या क्रमांकापर्यंत गेली, आणि त्यानंतर वाद्यवृंदासह रेकॉर्डांचा रतीबच सुरू झाला. लालो शिफ्रिनबरोबरची 'द कॅट' ही त्यातली उत्तम. सगळ्या तशा नाहीत, आणि काही तर ऐकवत नाहीत. इथे मी आक्षेपकांच्या जवळ जातो, पण माझे कारण वेगळे आहे. त्यांना बाजार खटकतो. मला बेस खटकते. मोठ्या वाद्यवृंदात स्वतंत्र बेसवादक उभा राहिला की स्मिथचा डावा हात बेकार होतो आणि उरते ती फक्त तान. बाजार तर ब्लू नोटमध्येही होता. 'बॅक ॲट द चिकन शॅक' आणि 'मिडनाइट स्पेशल' या १९६०च्या एकाच दिवशीच्या कामातून निघालेल्या दोन ध्वनिमुद्रिका बारमधल्या ज्यूकबॉक्सवर चालाव्यात म्हणूनच काढलेल्या होत्या. त्यांत स्मिथ, बरेल, टरंटाइन आणि बेली या चौघांनी काही हातचे राखून ठेवले असे मला एका ठिकाणीही जाणवत नाही. एकाच साच्याच्या ध्वनिमुद्रिका भरमसाट निघाल्या ही तक्रार मात्र खरी आहे. ऑर्गन रूममध्ये रोज रात्री घडणाऱ्या गोष्टीचे नमुने घाईघाईने, थोड्या दिवसांच्या अंतराने टिपले गेले, आणि आपण आज ते ग्रंथ म्हणून वाचायला बसतो. दोष वाचण्याच्या पद्धतीतही आहे.

मग ऑर्गन रूमचे हे जग संपले कसे? सिंथेसायझर आणि फेंडरच्या इलेक्ट्रिक पियानोमुळे, असे सर्वसाधारण उत्तर असते, आणि हॅमंडने बी-३ बनवणे १९७०च्या दशकाच्या मध्यावर थांबवले हे त्याला पुरावा म्हणून जोडले जाते. पण वाद्य बदलण्याआधी जागा बदलल्या होत्या. १९६४ साली उत्तर फिलाडेल्फियात कोलंबिया ॲव्हेन्यूवर आणि १९६७ साली नेवार्कमध्ये वांशिक उद्रेक झाले. ज्या रस्त्यांवर ऑर्गन रूम होत्या त्याच रस्त्यांवरची दुकाने जळाली, ज्यांना जमले ते शहर सोडून गेले, आणि शहरनियोजनाच्या बुलडोझरने उरलेले पाडले. बारमालकाकडे गिऱ्हाईक उरले नाही, तर त्रिकूट कोणासाठी ठेवायचे? स्मिथने लॉस एंजेलिस गाठले. तिथल्या बॉम्बे बायसिकल क्लबमध्ये १९७२ साली ध्वनिमुद्रित झालेली 'रूट डाउन' ही त्या काळातली त्याची सर्वांत जिवंत ध्वनिमुद्रिका आहे (मुंबईचा तिच्याशी नावापुरताच संबंध). पत्नीसह त्याने नॉर्थ हॉलिवूडमध्ये स्वतःचा क्लबही चालवून पाहिला. तो फार वर्षे टिकला नाही. १९८७ साली मायकेल जॅक्सनच्या 'बॅड'मध्ये ऑर्गनचा जो तुकडा आहे तो स्मिथचा, हे ते गाणे तोंडपाठ असलेल्यांनाही बहुधा माहीत नसते. पुढे बीस्टी बॉइजने १९९४ साली 'रूट डाउन'चा तुकडा उचलून आपल्या गाण्याखाली घातला, लंडनच्या क्लबांत जुन्या ऑर्गन रेकॉर्डांवर नाच सुरू झाले, आणि फिलाडेल्फियाकडूनच जोई डीफ्रान्सेस्को हा पोरसवदा वादक पुढे आला. नव्या पिढीने उचलले ते कोणते भाग, ते पाहण्यासारखे आहे: तान क्वचित, बेस आणि ठेका जवळजवळ नेहमी. टीकाकारांना जे ऐकू आले नव्हते ते नमुने कापणाऱ्या डीजेंना बरोबर ऐकू आले.

हा विषय आज मराठीत का आणावा, असे कोणी विचारेल. संगणकासमोर बसून एकट्याने बेस, ठेका, स्वरसंघात आणि गाणे तयार करणारा तरुण आता कोल्हापुरातही आहे आणि पुण्यातही. एक माणूस अनेक वाद्यांचे काम करतो ही गोष्ट त्याला नवी वाटते. ती नवी नाही. नवे आहे ते एवढेच की आता ती कामे एकामागून एक, चुका पुसत, कोणी ऐकत नसताना करता येतात. ऑर्गनवादक ती एकाच क्षणी, माणसांसमोर करत होता, आणि त्यांच्या प्रतिसादाने पुढचे आवर्तन ठरत होते. या फरकाने संगीतात काय कमी-जास्त होते याचा विचार करायला स्मिथच्या आयुष्यासारखे उदाहरण दुसरे नाही. शिवाय प्रत्यक्ष शेजारी बसून शिकण्याची साखळी झपाट्याने तुटते आहे. स्मिथ २००५च्या फेब्रुवारीत गेला, डॉक्टर लॉनी स्मिथ २०२१ साली, आणि जिमी स्मिथबरोबर त्याची शेवटची ध्वनिमुद्रिका 'लेगसी' करणारा डीफ्रान्सेस्को २०२२ साली, पन्नाशी नुकतीच ओलांडली असताना.

प्रस्तुत पुस्तक स्मिथचे चरित्र आहे, पण जन्म-कीर्ती-अस्त अशा चढ-उताराच्या रेषेवर ते बेतलेले नाही. वाद्य, खोली, रस्ता आणि स्टुडिओ अशा जागांतून ते त्याला पाहते, आणि सहकाऱ्यांना, विशेषतः ड्रमवादक बेली आणि सुरुवातीचे गिटारवादक यांना, त्याच्याइतकीच जागा देते. जॅझची पूर्वओळख नसलेल्या वाचकाला अडचण येऊ नये म्हणून तांत्रिक बाबी जिथे लागतात तिथेच समजावल्या आहेत. बी-३च्या दांड्यांचे प्रकरण वगळून पुढे जाणाऱ्याचेही फारसे बिघडणार नाही, तरी त्याने ते वगळू नये अशी माझी भीड घातलेली विनंती आहे. एका ठिकाणी माझे पुस्तकाशी जमत नाही. १९७०च्या दशकातल्या स्मिथला ते घसरणीवरचा कलावंत मानते. क्लब चालवणारा, हिशेब पाहणारा, रात्री स्वतःच्याच खोलीत वाजवणारा हा माणूस मला त्याच्या पूर्वीच्या आयुष्याशी अगदी सुसंगत वाटतो. ज्या व्यवस्थेने त्याला घडवले ती मोडल्यावर त्याने तिचा एक लहानसा तुकडा स्वतःच्या पैशाने पुन्हा उभारून पाहिला. तो प्रयत्न तोट्यात गेला म्हणून त्याची गणना कलेच्या घसरणीत करायची का, हे त्या प्रकरणातले तपशील वाचून वाचकाने ठरवावे. तपशील पुस्तकाने प्रामाणिकपणे दिले आहेत, माझ्या बाजूचेही.